पायरवाडीच्या गोजराआईचं सांगणं

फार वर्षांपूर्वी, घाटाच्या दगडी पायऱ्यांना अजून कोर होती आणि माणसांच्या पायांनी त्या मधोमध खोलगट झाल्या नव्हत्या, तेव्हा पायरवाडीत गोजरा नावाची सून आली. पायरवाडी म्हणजे काही मोठं गाव नव्हे. कोकणातून चढून आलेला घाट जिथं संपतो, त्या खिंडीच्या तोंडाशी वीस-बावीस घरं, इतकंच. गावापुढं खोल दरी, दरीच्या पल्याड भैरोबाचा सुळका, आणि सुळक्याच्या अगदी माथ्यावर भैरोबाचं ठाणं.

देवाला एवढ्या उंचावर जाऊन बसायची काय हौस होती, ते त्यालाच ठाऊक. पण बसला खरा. वर जायला एका पावलापुरती वाट, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला नुसता वारा. गडीमाणसं वर्षातून एकदा जीव मुठीत धरून वर जाऊन यायची. बायका कधीच जायच्या नाहीत. त्यांनी आपले खालूनच हात जोडायचे आणि कामाला लागायचं.

गोजराची सासू साळूबाई मोठी नेमाची बाई. सोमवार तिचा, गुरुवार तिचा, एकादशी तर तिचीच. घरातल्या देव्हाऱ्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. दिवेलागणीला ती माळ घेऊन बसली की घरात भांडं वाजवायची सोय नव्हती. आणि गोजरा? गोजरा पहाटे दळायला बसायची, मग पाणी, मग शेण, मग शेत. त्यात घर खिंडीच्या तोंडाशी, म्हणून घाट चढून आलेला प्रत्येक जण दाराशी टेकून पाणी मागायचा. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, पण गोजराचा दिवस दुसऱ्यांचे पोटोबा भरण्यातच मावळायचा. उपास धरावा तर जात्यावर घेरी यायची. माळ घ्यावी तर चौथ्या मण्याला डोळा लागायचा.

याचं तिला फार वाईट वाटे. सासूला देव ओळखत असणार, रोजची भेट आहे. त्या वरच्या देवाला आपण कोण, कुठल्या, हे ठाऊक तरी असेल का? भाकरी थापता थापता तिच्या मनात हे यायचं आणि तव्यावरची भाकरी करपायची.

असं म्हणतात, की एकदा पाण्याला जाताना तिच्या टाचेत काटा घुसला. असा घुसला की पाऊल टेकवेना. डोक्यावर भरली घागर, खाली उतरवायला दुसरं माणूस नाही, आणि ऊन तर डोक्यावर. तेवढ्यात करवंदीच्या जाळीमागून बिरू धनगर आला. त्यानं आधी घागर उतरवली, मग कमरेचा चिमटा काढला आणि काटा ओढून बाहेर टाकला.

"देव तुमचं भलं करील, बाबा," गोजरा म्हणाली.

"मला कशापायी सांगतीस?" बिरू म्हणाला. "मी या वाटंनं येनारच नव्हतो. शेरडू चुकलं म्हनून वळलो. ज्यानं धाडलं त्याला सांग जा."

"त्याला काय सांगू? मला जप येत न्हाई, पोथी येत न्हाई."

"नाव सांगाया पोथी कशाला लागती? आज तू बिरू धनगराला धाडलंस, येवढं सांग. त्याला कळतंय."

एवढं बोलून तो शेरडू हुडकायला गेला. पुढं ते सापडलं की नाही, कुणाला माहीत नाही. पण त्या संध्याकाळी गोजरानं चुलीवरचा तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि ती खिंडीच्या कडेला जाऊन उभी राहिली. समोर दरी, पल्याड सुळका, वर देव. एवढ्या लांबवर सांगायचं म्हणजे घाटावरच्या माणसाला एकच रीत ठाऊक. तिनं दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि खणखणीत हाळी दिली.

"देवाऽऽ! आज तू बिरू धनगराला धाडलंऽऽस!"

दरीनं ती हाळी उचलली आणि चार वेळा परत टाकली. गावातली कुत्री भुंकायला लागली. वासरं दावं ओढायला लागली. साळूबाईची माळ अर्ध्यावर थांबली आणि कितवा मणी होता तेच ती विसरली.

"अगं ए, देव काय बहिरा हाय?" ती दारातून ओरडली.

"बहिरा नसंल, आत्याबाई," गोजरा म्हणाली. "पन लांब हाय."

लांब तर तो होताच. साळूबाईनं माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.

तेव्हापासून गोजराचा तो नेम झाला. दिवेलागण झाली की खिंडीच्या कडेला जायचं आणि आज कोण कोण आपल्या उपयोगी पडलं त्याचं नाव देवाला सांगायचं. मागणं एकही नाही. पाऊस दे नाही, पोर दे नाही, सासूला सुबुद्धी दे तर मुळीच नाही. फक्त सांगणं. आज तू शेजारच्या चंद्राला धाडलंस, तिनं विस्तव दिला. आज तू मोगल्याला धाडलंस. हा मोगल्या लमाणांचा बैल होता, अरुंद वाटेवर तो आपण होऊन बाजूला झाला आणि गोजराची घागर वाचली. एकदा तर तिनं भांडकुदळ ठमीचंही नाव सांगितलं. ठमी सकाळी दाराशी येऊन तासभर भांडून गेली होती, पण भांडता भांडता वर बघून म्हणाली होती, "आधी सोताचं छप्पर बघ, वासा मोडलाय." वासा खरंच मोडला होता.

गावानं तिची थट्टा केली नसती तर ते गाव कसलं? "चला, गोजराची हजेरी सुरू झाली," म्हणत माणसं ओट्यावर बसायची. हसायची, आणि हसता हसता कान मात्र देऊन ऐकायची. आपलं नाव आलं की मिशीवर हात फिरवायची, नाही आलं की उगाच खाकरायची. दुसऱ्या दिवशी मग कुणी तिच्या दाराशी लाकडाची मोळी टाकून जाई, कुणी वाटेतला दगड बाजूला सारून ठेवी. देवापर्यंत आपलं नाव पोचतंय म्हटल्यावर माणूस थोडा बरा वागतोच.

एका आषाढात मात्र असा दिवस आला की नाव घ्यायला कुणीच नव्हतं. सकाळपासून पाऊस कोसळत होता. घाटातून माणूस आलं नाही, शेजारीण आली नाही, बैलही आला नाही. गोजरा इरलं घेऊन खिंडीपाशी उभी राहिली आणि दिवस मागे मागे आठवत गेली. तेव्हा तिला आठवलं, की दुपारी ती शेतातून चिंब होऊन आली तेव्हा तिच्या वाट्याची भाकरी कुणीतरी उलट्या परातीखाली झाकून ऊबेला ठेवली होती. घरात तेव्हा एकच माणूस होतं.

"देवाऽ! आज तू आत्याबाईंना धाडलंऽस!"

साळूबाईनं ते भिंतीआडून ऐकलं. दुसऱ्या दिवशी परातीखालच्या भाकरीवर लोण्याचा गोळा होता.

गोजरा सगळ्यांची नावं घ्यायची, एक सोडून. तिचा नवरा हैबती. आता बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, हे त्या काळी तान्ह्या पोरीलाही माहीत. नुसती लाज नव्हती त्यात, भीतीही होती. पायरवाडीत असं मानत, की बायकोनं एकदा नाव उच्चारलं की नवऱ्याच्या आयुष्यातला एक दिवस आखडतो. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढं माफ, पुढं नाही. म्हणून गोजरा रोज शेवटी सांगायची, "आणि आज तू घरधन्याला धाडलंस."

हैबती अबोल गडी. दिवसभरात चार शब्द बोलला तर गाव विचारायचं, बरं आहे ना? पण बायकोची चेष्टा करायला तेवढे चार शब्द तो राखून ठेवी.

"साऱ्या गावाची नावं सांगतीस," तो एकदा म्हणाला. "लमानाच्या बैलाचंबी सांगतीस. आन माझं?"

"तुमचं कसं घिऊ?"

"मग घरधनी म्हंजे कोन, त्ये त्या भैरोबाला कसं कळायचं? गावात बावीस घरधनी हायेत."

"त्याला कळतं," गोजरा म्हणाली आणि हसून आत गेली.

वर्षं गेली. दोन पोरं झाली, मोठी झाली. आणि या काळात एक गोष्ट घडली, ती इतकी हळूहळू घडली की गोजराच्या ध्यानातही आली नाही. पहिल्या वर्षी ती हात तोंडाशी धरून हाळी द्यायची. तीन-चार वर्षांनी हात खाली आले आणि नुसतीच हाक राहिली, पलीकडच्या वावरातल्या बाईला मारावी तशी. आणखी काही वर्षांनी ती अंगणातल्या माणसाशी बोलावं तशी बोलायला लागली. चौदाव्या वर्षी तर ती खिंडीच्या कडेला खाली बसायची आणि शेजारी बसलेल्याला सांगावं इतक्या हळू सांगायची. ओट्यावरची मंडळी काही ऐकू येईना म्हणून चिडायची.

हे पहिल्यांदा हैबतीनं ओळखलं.

"तुजा देव सुळक्यावरनं खाली उतरला वाटतं," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"आवाज बारीक झालाय तुझा."

गोजरा विचारात पडली. खरंच होतं ते. देवाला ऐकू जाईल की नाही ही शंका तिला कितीतरी वर्षांत आली नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणून लोक हसतात, पण वळसा घातल्यावाचून काखेतला कळसा सापडत नाही, हेही तितकंच खरं. त्या संध्याकाळी ती नावं सांगताना मधेच थांबली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुःखाचं नव्हतं ते. आपल्याला कुणीतरी ओळखतं, एवढंच तिला कळलं होतं.

त्याच वर्षी तो दिवस आला.

पायरवाडीची माणसं दरवर्षी पावसाळा सरला की बैल घेऊन घाट उतरायची आणि कोकणातून वर्षाचं मीठ आणायची. त्या वर्षी सात जण गेले. पुढं म्हसू, कारण त्याला घाई असायची, आणि मागं हैबती, कारण मागचं कुणी राहिलं का ते बघायला अबोल माणूसच बरा. परत येण्याच्या दिवशी दुपारपर्यंत लखलखीत ऊन होतं. दिवस कलताना मात्र परतीच्या पावसाचा ढग दरीतून वर चढला आणि बघता बघता खिंड धुक्यानं भरून गेली. हात पुढं केला तर बोटं दिसेनात, असं धुकं.

घाट संपायच्या आधी एक टप्पा होता, त्याला आडवी धार म्हणत. कड्याला चिकटून शंभरेक पायऱ्या, पायरी हातभर रुंद, आणि बाहेरच्या बाजूला काही नाही. खाली पडलेली वस्तू कुठं पडली ते कुणी कधी पाहिलं नाही. आदल्या रात्रीच्या पावसानं तिथली दरड सरकून निम्म्या पायऱ्या मातीखाली गेल्या होत्या. सातही जण आपापले बैल घेऊन त्या धारेवर आले आणि धुक्यानं त्यांना तिथंच गाठलं.

वर खिंडीपाशी सगळं गाव जमलं. बायकांनी मशाली पेटवल्या, पण धुकं उजेड पिऊन टाकत होतं. मग त्यांनी हाळ्या द्यायला सुरुवात केली. म्हसूची बायको, रावजीची आई, सगळ्या एकदम. आणि तिथंच चूक झाली. कोरड्या हवेत वाट दाखवणारी हाळी धुक्यात वाट चुकवते. कडे एकेका हाकेच्या दहा हाका करून चहूकडून परत फेकायला लागले. खालून रावजीचा आवाज आला, "हाळी बंद करा! आवाज चारी अंगांनी येतोय! पाऊल कुटं टाकावं कळंना!" पाठोपाठ दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. हाक मारावी तर माणूस दरीत जायचा, न मारावी तर अंधार पडायचा, आणि अंधारात त्या धारेवरून कुणी परत आलेलं नव्हतं.

गोजरा खाली बसली. तिला काही सुचलं म्हणून नव्हे. दिवेलागण झाली होती म्हणून. या वेळेला तिनं चौदा वर्षं एकच गोष्ट केली होती, ती तिच्या तोंडून आपोआप सुरू झाली.

"देवा, आज तू म्हसूला धाडलंस. त्याच्या मिठानं वरसभर घास गोड लागंल. देवा, आज तू रावजीला धाडलंस. गेल्या साली त्यानं आमाला पायलीभर नाचनी दिली."

इतकं हळू, की शेजारी उभ्या असलेल्या चंद्रालाही तिचे नुसते ओठ हललेले दिसले. आणि असं म्हणतात, की धुक्यातून बैलाच्या घुंगरांचा आवाज आला आणि म्हसू वर आला. भुवयांवर दव, चेहरा पांढरा.

"कोन बोलत हुतं माझ्या कानाशी?" तो म्हणाला. "माझं नाव घेतलं. ज्या अंगाला आवाज आला त्या अंगाला पाय टाकत आलो."

पाठोपाठ रावजी आला. त्यालाही तेच ऐकू आलं होतं, त्याच्या नावानिशी, नाचणीसकट. गोजरा एकेकाचं नाव सांगत गेली आणि धुकं एकेकाला सोडत गेलं. सहा माणसं आली. सहा बायकांचा जीव भांड्यात पडला.

सातवा आला नाही.

"आणि आज तू घरधन्याला धाडलंस," गोजरा म्हणाली. सगळे धुक्याकडं बघत राहिले. तिनं पुन्हा म्हटलं. धुकं होतं तसंच राहिलं.

म्हसू मान खाली घालून म्हणाला, "त्येचा बैल घसरला, वयनी. त्येला धरून तो मागंच राह्यला. आन आत्ता घरधनी म्हनलेलं आमा सहा जनांच्याबी कानाशी आलं. सगळ्यांनीच ऐकलं. परत्येकाला वाटलं, आपलीच बायकू बोलतीया."

हे ऐकून साळूबाई पुढं झाली. आईला मुलाचं नाव घ्यायला कुणाची बंदी? तिनं कड्याच्या टोकाशी जाऊन सारा जीव गोळा करून हाक मारली. "हैबतीऽऽ!" कड्यांनी त्या हाकेचे तुकडे तुकडे केले आणि चहूकडं उधळले. खाली दगड सरकले. साळूबाईनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला आणि ती मटकन खाली बसली. मग तिनं हळू आवाजात नाव घेऊन पाहिलं. दुसऱ्या बायांनीही पाहिलं. पण हळू बोलून दरीपार पोचायची त्यांना सवय कुठं होती? त्यांचे शब्द त्यांच्या पदरातच पडले.

आता गोजराकडं सगळे बघत होते, आणि गोजरा जमिनीकडं. तिच्या ओठांवर ते नाव आलं होतं, चौदा वर्षांत पहिल्यांदा. पण ते बाहेर काढवेना. आधीच त्याच्या आयुष्याचा धागा कड्याला लोंबतोय, आणि आपण नाव घेऊन तो आणखी आखूड करायचा? एकच दिवस आखडतो म्हणतात, पण त्याच्या वाट्याला आजचा एकच दिवस उरला असला तर?

साळूबाई गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ आली. तिनं सुनेचा हात धरला. इतक्या वर्षांत तिनं तो धरला नव्हता.

"घे नाव," ती म्हणाली.

"आत्याबाई, त्यांचं आयुष्य..."

"आखडायचं आसंल तर माझं आखडू दे. मी सांगते त्या भैरोबाला. माझी आता कितीशी राह्यलीत? तू घे. तुझं त्यो ऐकतो. माझं आजवर ऐकलं का न्हाई, मला ठावं न्हाई, पन तुझं ऐकतो."

गोजरानं डोळे मिटले. वाचव म्हणावं, पदर पसरावा, असं तिला फार वाटलं, खोटं कशाला सांगा? पण मागायची तिला सवय नव्हती आणि शेजारी बसलेल्या देवाला आज नवीन भाषेत काय बोलावं ते सुचेना. तिला जे येत होतं तेच ती बोलली. फक्त या वेळी नावानिशी.

"देवा, माझ्या घरी तू हैबतीला धाडलंस."

बस्स. मग ती थांबली नाही. थांबवेच ना तिला. चौदा वर्षांचं साठलेलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला ताप भरला, तेव्हा उशाशी बसायला तू हैबतीला धाडलंस. आई गेली म्हणून मी रडत होते, तेव्हा काही न बोलता जात्याचा दुसरा खुंटा धरायला तू हैबतीला धाडलंस. बायकोसंगं दळतो म्हणून गाव हसलं आणि तरी तो उठला नाही, त्या हैबतीला तू धाडलंस. थोरल्याच्या वेळी मी मरता मरता वाचले, तेव्हा दाराबाहेर रात्रभर उभा होता. धाकटीला खांद्यावर घेऊन घाट चढला. माझ्या पायाच्या मापाची वहाण त्यानं न मोजता करून आणली. परत येईल न येईल, ते तुझं तू बघ. पण इतकी वर्षं तू त्याला धाडलंस.

असं म्हणतात, की त्या वेळी हैबती कड्याला पाठ लावून बसला होता. एक पाय पायरीवर होता, दुसऱ्याखाली काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. हातात बैलाचं दावं. त्यानं आशा सोडली होती आणि बैलाला तो म्हणत होता, तू तरी हलू नकोस. तेवढ्यात त्याच्या डाव्या कानाशी कुणीतरी त्याचं नाव घेतलं. आवाज बायकोचा, पण त्या आवाजात ते नाव त्यानं लग्नानंतर कधीच ऐकलं नव्हतं. त्यानं डावीकडं तोंड वळवलं. पुढचं वाक्य आलं, त्यानं पाऊल टाकलं, आणि पावलाखाली पायरी निघाली. आणखी एक वाक्य, आणखी एक पायरी. आडव्या धारेच्या शंभर पायऱ्या, आणि म्हणतात की वाक्यंही शंभर भरली. एकही कमी पडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार पायरवाडीतले लोक अजून करत नाहीत.

धुक्यातून आधी बैल आला, कारण हैबतीनं त्याला पुढं घातलं होतं. मग हैबती. तो येऊन गोजरापुढं उभा राहिला. साळूबाई त्याच्या पायांना मिठी मारून रडत होती, आई मुलाच्या पाया पडत नाही हेसुद्धा ती विसरली होती. हैबतीनं आईला उठवलं. तो बायकोकडं वळला.

"समदं ऐकलं म्या," तो म्हणाला. मग म्हणाला, "अजून ऱ्हायलंय का काही?"

गाव हसलं, आणि हसता हसता गावाचे डोळे भरून आले.

आता आयुष्य आखडण्याचं म्हणाल, तर हैबती इतका जगला, इतका जगला, की नातवंडांची लग्नं बघून, पणतवंडांना अंगाखांद्यावर खेळवून वर पुन्हा म्हणायचा, मीठ आणायला मी येतो. बायको रोज संध्याकाळी त्याचं नाव घेत होती. रोज एक दिवस आखडत होता असं धरलं, तर मुळात त्याचं आयुष्य किती होतं ते भैरोबाच जाणे. आणि साळूबाई? तीही शंभरी गाठून गेली. त्या दिवसानंतर ती माळ घेऊन खिंडीपाशी सुनेच्या शेजारी बसायची. मणी ओढता ओढता मधेच विचारायची, "आज कोन कोन झालं गं?"

गोजरा म्हातारी झाली. गाव तिला गोजराआई म्हणायला लागलं. तिचा आवाज बारीक होत होत शेवटी नाहीसाच झाला, नुसते ओठ हलायचे. आणि म्हणतात, एका संध्याकाळी ओठही हलले नाहीत. ती दरीकडं तोंड करून हसत बसली होती, जवळ जाऊन बघितलं तर ती गेली होती. सुळक्यापर्यंतचं अंतर चालत चालत संपवून ती पोचली होती. तेव्हा गावानं रडणं बाजूला ठेवलं. सगळं गाव खिंडीच्या कडेला जाऊन बसलं, आणि बाया, बाप्ये, पोरंसोरं हळू आवाजात म्हणाली, "देवा, इतकी वरसं तू गोजराला धाडलंस."

त्याला किती पिढ्या झाल्या, कोण मोजतो? पायरवाडीत गोजराआईचं देऊळ नाही. मूर्ती नाही, शेंदूर फासलेला दगडही नाही. पण दिवेलागण झाली की आजही घरोघरी माणसं उंबऱ्याशी येतात आणि दिवसभरात जो जो उपयोगी पडला त्याचं नाव देवाला सांगतात. मागत काही नाहीत. पायरवाडीची सून पहिल्या संध्याकाळी सरळ नवऱ्याचं नाव घेते, उखाण्याची अडवणूक तिथं नाही. आणि ते नाव तिच्या शेजारी उभी राहून सासूच तिला घ्यायला लावते.

तुम्ही कधी तो घाट चढून गेलात, तर खिंडीच्या तोंडाशी कुणीतरी तुम्हाला पाणी देईल. गाव कुठलं, जात कुठली, काम काय, असलं काही विचारणार नाही. आधी विचारील, "नाव काय तुमचं?" चौकशी समजून उडवून लावू नका. वाट चढताना तुम्ही कुणाची पिशवी धरली असेल, कुणाच्या पोराला हात दिला असेल, किंवा नुसते त्यांच्या ओट्यावर बसून दोन शब्द बोलला असाल. संध्याकाळी तुम्ही आपल्या घरी पोचलेले असाल, चहा पीत बसलेले असाल, आणि तिकडं पायरवाडीत एक बाई उंबऱ्याशी उभी राहून देवाला तुमचं नाव सांगत असेल.

तेव्हा नाव पुरतं सांगून या.